डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने धुवावे

शाम्पूच्या पुडीच्या पाठीमागे, अगदी खालच्या कडेला, बारीक टायपात एक सूचना असते: डोळ्यात गेल्यास ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे. ही सूचना लिहिणारा माणूस एप्रिल-मे महिन्यात बीड जिल्ह्यात कधी राहिलेला नाही, हे मी पैजेवर सांगतो. एक तर ज्याला ती वाचायची गरज पडते त्याचे दोन्ही डोळे त्या वेळी गच्च मिटलेले असतात. दुसरं म्हणजे बाहेरून कुणी ओरडून वाचून दाखवली, तरी भरपूर पाणी म्हणजे कुठलं हा प्रश्न उरतोच. बोअरचं? टँकरचं? का नळाचं? नळाचं म्हणत असाल तर आज वार कोणता ते आधी बघावं लागेल. उन्हाळ्यात आमच्याकडे नळ आठ-पंधरा दिवसांनी येतो, तोही बहुधा रात्री-अपरात्री, आणि त्या वेळी कुणाच्या डोळ्यात शाम्पू नसतो, झोप असते.

वैद्यकाची पुस्तकं तर त्याहून कडक. डोळ्यात रसायन उडालं की पापण्या उघड्या धरून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धुवावा, म्हणतात. वाहतं पाणी! पंधरा मिनिटं! बिंदुसरा नदी बीड शहराच्या मधून जाते हे खरं, पण उन्हाळ्यात तिच्यात जे काही वाहतं त्याने डोळे धुवायचा सल्ला माणूस भावकीतल्या वैऱ्यालाही देणार नाही. राहता राहिली खजाना बावडी. सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळात बांधलेली, दुष्काळातही आटत नाही अशी तिची ख्याती. पण कमरेला टॉवेल गुंडाळून, मिटल्या डोळ्यांनी, शहराबाहेर तिथवर जायचं आणि वाटेत ओळखीच्या प्रत्येकाला कारण सांगायचं, यापेक्षा डोळा गेलेला परवडला.

मुळात ही पुडी आमच्यापर्यंत आली कशी? तामिळनाडूत कडलूर नावाचं गाव आहे. तिथल्या चिन्नी कृष्णन नावाच्या गृहस्थांनी महागाच्या वस्तू छोट्या छोट्या पुड्यांत भरून गरिबाच्या हातात द्यायची कल्पना काढली. पुढे १९८३ साली त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी ‘चिक’ शाम्पूची पुडी बाजारात आणली. पुड्या येण्याआधी शाम्पू बाटलीत राहत होता आणि बाटली शहरात राहत होती. पुड्यांच्या माळा निघाल्या आणि शाम्पू गेवराईच्या बाजारापासून पाटोद्याच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत, जिथे एसटी पोचली नाही तिथेही पोचला. बस्स, अंघोळीचं पाणी तेवढं पुडीत भरून विकायचं कुणाला जमलं नाही.

अंघोळीला बसलेला माणूस पुडी कशी फोडतो हे एकदा बघण्यासारखं आहे. कोरड्या हाताने आधीच फोडून ठेवावी, हे शहाणपण अजून कुणाला सुचलेलं नाही. डोकं भिजवून झालं की पुडीची आठवण होते. बोटं ओली, पुडी गुळगुळीत. कडेला बारीक दाते असतात, इथून फाडा म्हणून खूणही असते. ओली बोटं त्या खुणेवरून घसरतात, पुन्हा घसरतात, मग पुडी तोंडात जाते. कोपरा दाढेखाली धरून मान झटकली की ती फाटते, पण खुणेपासून चार बोटं लांब. पहिला थेंब जिभेवर. दुसरा हनुवटीवर. उरलेला ऐवज तळहातावर येतो आणि माणूस थू-थू करेपर्यंत बोटांच्या फटीतून गळायला लागतो. म्हणून तो घाईने डोक्यावर थापायचा. घाईत तो कपाळावर थापला जातो. कपाळाच्या खाली काय असतं ते सांगायला नको.

बरं, हे सगळं निम्म्या पुडीत. उरलेली निम्मी दुमडून खिडकीच्या गजात खोचायची असते. ती पुढच्या माणसासाठी. पुढचा माणूस ती काढायला जातो तेव्हा ती उलटी असते.

आता फेसाकडे येऊ. फेसाशिवाय अंघोळ झाली असं आमच्याकडे कुणी मानत नाही, आणि फेस आमच्या पाण्याला येत नाही, असा हा पेच आहे. जिल्ह्याच्या पोटात काळा बेसॉल्ट खडक. त्यात खोल गेलेलं बोअर कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊनच वर येतं. पाणी जड आहे, असं आमच्या बायका म्हणतात तेव्हा त्या हंड्याच्या वजनाबद्दल बोलत नसतात. या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, हीटरच्या कॉइलवर पांढरी पुटं चढतात, आणि अंगाचा साबण क्षारांशी संगनमत करून फेसाऐवजी एक चिकट साय तयार करतो. ती बादलीच्या काठावर बसते, मोरीच्या फरशीवर बसते, अंगावरही बसते. माणूस अंघोळ करून उठतो तो सारवल्यासारखा दिसतो.

या सायीला कंटाळूनच जगाने साबणाला पर्याय शोधला. १९३० च्या दशकात अमेरिकेत बिनसाबणाचे शाम्पू निघाले, कृत्रिम सर्फॅक्टंटचे. हे जड पाण्यातही फेसतात. पुढे त्यांचा राजा झाला सोडियम लॉरिल सल्फेट, आणि त्याचा जरा मवाळ चुलतभाऊ सोडियम लॉरेथ सल्फेट. बहुतेक पुड्या उलटून बघा, दोघांपैकी एक जण घरात सापडतोच. आमच्या जड पाण्यात त्याने असा काही फेस काढला की आम्ही हरखून गेलो. फेसाचा आणि मळ निघण्याचा फारसा संबंध नसतो, हे कुणी तेव्हा सांगितलं नाही, आणि आता सांगितलं तर कुणी ऐकत नाही.

हा लॉरिल सल्फेट काय चीज आहे? त्वचेचे डॉक्टर संशोधनासाठी मुद्दाम कुणाच्या कातडीवर लाली आणि खाज आणायची असेल तर हाच वापरतात. एखादं मलम लाली घालवतं का हे तपासायला आधी लाली आणावी लागते ना, ती आणायचा हा मान्यताप्राप्त मार्ग. म्हणजे दवाखान्यात ज्याची पट्टी पाठीवर चिकटवून दुसऱ्या दिवशी लाली मोजतात, तोच आपण मोरीत डोक्यावर ओतून गाणं म्हणतो. फरक इतकाच की मोरीत तो काही क्षण असतो आणि लगेच धुतला जातो. धुतला गेला पाहिजे, असं म्हणू.

कारण गोम तिथेच आहे. त्वचेच्या वरच्या थरात निसर्गाने थोडा तेलकटपणा भरलेला असतो, पाणी आत धरून ठेवायला. सर्फॅक्टंटला मळाचं तेल कुठलं आणि घरचं तेल कुठलं हे कळत नाही, तो दोन्ही उचलतो. वरून त्वचेतल्या प्रथिनांना चिकटून बसतो. मग कातडी ओढल्यासारखी होते, पांढरी पडते, खाजते, आणि घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, “रगात बिघडलंय, कडूनिंबाचा रस घे.” २०१८ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाने आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजने ८० माणसांना जड आणि हलक्या पाण्याने धुऊन बघितलं. जड पाण्याने धुतलेल्या कातडीवर लॉरिल सल्फेट जास्त शिल्लक राहतो, आणि जास्त राहतो म्हणून जास्त चुरचुरतो, असं निघालं. इंग्लंडला बारा महिने पाऊस पडतो. तिथं जर ही कथा, तर एका बादलीत डोकं, अंग आणि जमलं तर बनियन धुणाऱ्या माणसाच्या अंगावर किती शिल्लक राहत असेल याचा हिशेब कुणी मांडायचा? मी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, “बप्पा, रुपयाला पुडी येती. त्यात पाणी बी धरता का?”

लहान पोरांचं दुःख वेगळं. मोठ्या माणसाचा डोळा झोंबला तर तो दात-ओठ खाऊन गप्प बसतो, पोर गल्ली डोक्यावर घेतं. त्यांच्यासाठी डोळ्यांत पाणी न आणणारा शाम्पू गेल्या शतकाच्या मध्यावर, १९५० च्या दशकात निघाला. तो चुरचुरत कसा नाही, याबद्दल आमच्या गल्लीत एकच मत आहे: त्यात डोळा बधिर करायचं औषध घालतात. हे मत मांडणारे गृहस्थ तेवढ्याच खात्रीने टीव्हीच्या टॉवरमुळे पाऊस पळतो असंही सांगतात. बधिर-बिधिर काही करत नाहीत. खरी गोष्ट त्याहून गमतीची आहे.

सर्फॅक्टंटच्या प्रत्येक रेणूला एक डोकं आणि एक शेपूट. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला तेल. पाण्यात यांची संख्या वाढली की ते गोल करून बसतात, शेपट्या आत, डोकी बाहेर. या गोलाला मायसेल म्हणतात. आता गंमत अशी की गोलात बसलेले रेणू फारसे कुणाच्या वाटेला जात नाहीत, डोळ्याला आणि कातडीला छळतात ते मुख्यतः सुटे फिरणारे. आमच्याकडच्या पोरांचं बरोब्बर उलटं आहे. एकेकटं भेटलं तर “काय बप्पा, बरं हाय का” म्हणून पाया पडतं, आणि चौकात दहाजण जमले की डीजे लावतं. तर पोरांच्या शाम्पूत सौम्य स्वभावाचे, दोन्हीकडे जमवून घेणारे सर्फॅक्टंट घालतात, शिवाय ते एकमेकांत मिसळतात. वेगवेगळ्या जातींचे रेणू एका गोलात बसले की सुटे कमी उरतात आणि झोंबणं उतरतं. बीड जिल्ह्यात हे वाक्य जरा जपूनच लिहावं लागतं, पण रसायनशास्त्राचं तरी तसं म्हणणं आहे.

सौम्यांमधला एक लाडका म्हणजे कोकामिडोप्रोपिल बिटेन. नारळाच्या तेलापासून करतात, त्यामुळे डब्यावर नारळाचं चित्र काढता येतं. तोही अगदी धुतल्या तांदळाचा नाही. तो तयार करताना मागे राहिलेल्या अशुद्ध द्रव्यांची काहींना ॲलर्जी येते, आणि २००४ साली अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या एका संस्थेने त्याला त्या वर्षाचा मानाचा ॲलर्जीकारक म्हणून निवडलं. असाही सन्मान असतो. शाल-श्रीफळ दिलं का माहीत नाही. श्रीफळ मात्र शोभलं असतं.

डोळ्याला काय झोंबतं हे पूर्वी सशांना विचारायचे. १९४४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनातल्या जॉन ड्रेझ यांनी पद्धत बसवून दिली: पांढऱ्या सशाच्या डोळ्यात पदार्थ घालायचा आणि डोळा किती बिघडतो त्याला गुण द्यायचे. पुढची काही दशकं जगातल्या शाम्पूंचा निकाल सशांच्या डोळ्यांनी लावला. १९८० साली हेन्री स्पायरा या कार्यकर्त्याने न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन एका बड्या कंपनीला जाहीर प्रश्न विचारला, की तुमच्या सौंदर्यासाठी किती ससे आंधळे करता? तिथून वारं फिरलं. आता कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर, खाटिकखान्यातून आणलेल्या जनावरांच्या डोळ्यांवर अशा चाचण्या होतात. भारताने २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर प्रयोग करायला बंदी घातली आणि त्याच वर्षी तसा माल बाहेरून आणायलाही. ससा सुटला. आमच्या शेजारच्या सहा वर्षांच्या पोराने मात्र स्वतःहून ते काम अंगावर घेतलंय. गजात खोचलेली प्रत्येक पुडी तो आधी स्वतःच्या डोळ्यावर तपासतो आणि निकाल तिसऱ्या घरापर्यंत ऐकू येतो.

इथे एक जण हमखास म्हणतो की म्हणूनच जुनं ते सोनं, आपला रिठा आणि शिकेकाई. म्हणणाऱ्याने रिठ्याने न्हायलेलं नसतं. आम्ही न्हालोय. आजी रात्री रिठे भिजत घालायची, सकाळी कुस्करायची, आणि आम्हाला दोन गुडघ्यांत दाबून ते पाणी डोक्यावर ओतायची. रिठ्यात सॅपोनिन असतं, म्हणजे झाडावर पिकलेलं सर्फॅक्टंटच. त्याचा एक थेंब डोळ्यात गेला की त्यापुढे रुपयाची पुडी गंगाजळ वाटावी. रविवारी न्हाऊन आलेली पोरं गल्लीत लाल डोळ्यांनी फिरायची आणि पाहुण्यांना वाटायचं, गावात डोळे आलेत. झाडाला लागलेलं ते निरुपद्रवी आणि कारखान्यात झालेलं तेवढं विषारी, असा निसर्गाचा काही ठराव झालेला नाही.

सीताफळाचंच बघा. बालाघाटच्या डोंगरातलं आमचं सीताफळ म्हणजे जिल्ह्याची शान. धारूर, आष्टी, अंबाजोगाई, दिवाळीच्या आधी जाल तिकडे पाट्या. २०१६ साली ‘बीड सीताफळ’ म्हणून त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. गर आम्ही खातो आणि बिया काही घरांत वाळवून, कुटून, तेलात कालवून पोरींच्या डोक्याला लावतात, उवा मरतात म्हणून. उवा मरतात हे खरं. पण ती पूड घामाबरोबर डोळ्यात उतरली की बुबुळावरचा नाजूक थर सोलल्यासारखा होतो. डोळ्याच्या डॉक्टरांना हे दुखणं चांगलं माहीत आहे, त्यावर निबंध छापून आलेत. दोन-तीन दिवस डोळा उघडत नाही, आणि वेळेवर धुतलं नाही, दवाखाना गाठला नाही तर पुढचं अवघड. यात मला विनोद सापडत नाही, म्हणून पुढे जातो. उवांना औषध मिळतं, दुकानात मिळतं, एवढं सांगून ठेवतो.

दसरा झाला की जिल्ह्यातली लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. फडावरच्या कोपीत साबणाची एकच वडी असते, कपड्याची. तिनेच भांडी, तिनेच कपडे, तिनेच अंग. कपड्याच्या साबणात सर्फॅक्टंट जहाल, जोडीला धुण्याचा सोडा. तो सुतासाठी असतो, कातडीसाठी नसतो. उसाच्या पात्यांनी आधीच ओरखडलेल्या हातांना तो कसा लागत असेल हे समजायला रसायनशास्त्र लागत नाही. पाडव्याच्या आसपास ही माणसं परत येतात तेव्हा बायांच्या हातांना भेगा असतात आणि त्यांना विचारलं तर त्या उसाला दोष देतात, साबणाला नाही. साबणाने निदान फेस दिलेला असतो.

या फेसापायी डॉक्टर लोक टेकीला आले आहेत. माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, उदाहरण घ्या. धारूरला असते. भांडी, धुणं, आणि दर दोन दिवसांनी डोक्याला पुडी. हाताची कातडी सोलून निघाली, कानामागे लाल चट्टे, पापण्या सुजलेल्या. अंबाजोगाईला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एक मलम दिलं, पुडी बंद करायला सांगितली, आणि अंगाला लावायला बिनसाबणाचं, सौम्य, चांगलं महागाचं धुवायचं औषध लिहून दिलं. आठ दिवसांनी आक्का ती बाटली पदराखाली धरून पुन्हा डॉक्टरांसमोर.

“सायेब, ही बदलून द्या. ह्यात फेस टाकायचा इसरलाय कंपनीवाला.”

“मावशी, त्याला फेस येत नाही. येऊ नये म्हणूनच दिलंय.”

“मंग लागलं का न्हाई ते कळावं कसं?”

डॉक्टर चांगला माणूस. त्याने कागदावर कातडीचं चित्र काढलं, तेलाचा थर दाखवला, तो कसा उडतो ते समजावलं. आक्काने सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, “पोरगं हुशार हाय, पण हातानं कधी भांडी घासल्याली दिसंना.”

घरी जाऊन तिने त्या बाटलीत रुपयाच्या दोन पुड्या पिळल्या. झाकण लावलं, खळाखळा हलवलं, आणि तळहातावर थोडं घेऊन मला दाखवलं. फेस आला होता. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात वेगवेगळ्या जातींच्या रेणूंची आठवण झाली आणि मिटलं. त्यात नेमकं त्या महिन्यात वळवाचा पाऊस लागला, नळ लवकर लवकर यायला लागला, आणि आक्का दोन बादल्या पाणी घ्यायला लागली. पुढच्या वेळी डॉक्टरांनी हात उलटेपालटे करून बघितले. खाज नाही, चट्टे नाहीत, पापण्या जागेवर. त्यांचा चेहरा खुलला.

“बघा मावशी, लागू पडली ना बाटली?”

“पडली की,” आक्का म्हणाली. “फेस तेवढा मी पदरचा घातला.”